पावसाळा, दोन लहान मुले आणि हाती न लागणारा दिवस

आगरातली (गुहागर तालुका), ४ जुलै

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका गावात राहते. गेल्या वर्षीपर्यंत आमचे बिऱ्हाड ठाण्यात होते. दुसऱ्या वेळी दिवस राहिले त्याच सुमारास यजमानांना चिपळुणात नोकरी मिळाली आणि आम्ही गावच्या घरी राहायला आलो. मोठी मुलगी तीन वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा सात महिन्यांचा. आम्हा चौघांखेरीज घरात सासूबाई आहेत. त्यांचे वय अडुसष्ट असून गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही. यजमान सकाळी साडेसातच्या एसटीने जातात आणि संध्याकाळी सातपर्यंत परततात. मी एका सनदी लेखापालांचे काम घरून करते. ते रोज सुमारे चार तासांचे असते.

मुले आजारी नाहीत, घरात भांडण नाही, पैशांची ओढाताणही नाही. तरीही रात्री अंथरुणाला पाठ टेकताना आज आपण काय केले, हे मला सांगता येत नाही. ठाण्यात असताना मला दिवस कामांनी मोजण्याची सवय होती. आता कोणतेच काम सलग होत नाही. कणीक भिजवायला घेतली की धाकटा उठतो. हात धुऊन त्याला पाजावे, पुन्हा झोळीत घालावे, तोवर मोठी न्हाणीतून हाक मारते. तिला कोरडे कपडे घालून परत यावे तर परातीतील कणकेवर सुकी साय धरलेली असते. काल एकच चहा मी तीनदा गरम केला आणि चौथ्या वेळी ओतून टाकला.

त्यातच पाऊस लागला आहे. पडवीला झडपा बांधल्यामुळे घरात दिवसाही दिवा लावावा लागतो. बाळाचे पंधरा-वीस लंगोट, दुपटी आणि झबली वलणीवर तीन-तीन दिवस लोंबत असतात आणि वाळल्यावरही त्यांचा कुबट वास जात नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की, शेगडीतील निखाऱ्यांवर वेताची टोपली पालथी घालावी, वर लंगोट पसरावेत आणि त्याच निखाऱ्यांवर ओवा-वावडिंग टाकून बाळालाही धुरी द्यावी. मला धूर नको वाटतो, पण चार मुले वाढवलेल्या बाईंना ते कोणत्या तोंडाने सांगावे, हे कळत नाही. वीज गेली की माझे काम थांबते आणि मग ते रात्री अकरानंतर उरकावे लागते.

मी एकदा वेळापत्रक लिहून भिंतीवर लावले होते. तिसऱ्या दिवशी मुलीने ते ओढून काढले, त्याची होडी करून मागितली आणि मीच ती करून पागोळ्यांच्या पाण्यात सोडली.

ज्यांनी या किनाऱ्यावर लहान मुले वाढवली आहेत किंवा सध्या वाढवत आहेत, त्यांनी दिवसाची घडी कशी बसवली? काय सोडून दिले आणि काय धरून ठेवले?


बालवाडीच्या बाई (दापोली तालुका), ४ जुलै

आपला प्रश्न दोनदा वाचला. मी आधी बालवाडीत आणि नंतर प्राथमिक शाळेत शिकवले, दोन मुले वाढवली आणि आता तीन नातवंडांकडे पाहते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आमच्या वेळी एकत्र कुटुंबात मुले आपोआप वाढत, असे आपल्याला अनेक जण सांगतील. त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. १९८३ साली माझा मोठा मुलगा रांगू लागला तेव्हा घरात नऊ माणसे होती, हे खरे. पण लावणीच्या दिवसांत हातपाय चालणारे प्रत्येक माणूस शेतावर असे आणि मुलाच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तिचे दुसरे टोक ओटीवरच्या खांबाला बांधलेले असे. शेजारची म्हातारी अधूनमधून डोकावून जाई. कोणी त्याला क्रूरपणा म्हणत नसे, कारण मागीलदारी कठडा नसलेली विहीर होती. तेव्हा मूल घराच्या दिवसात बसवले जाई. आता घराचा दिवस मुलाभोवती बसवावा लागतो. ही दुसरी रीत मुलाला निश्चितच बरी आहे, मात्र तिची किंमत एकटी आई मोजते. आपल्याला जो थकवा जाणवतो तो आपल्या अव्यवस्थितपणाचा आहे, असे मला वाटत नाही. नऊ माणसांत वाटलेले काम एकीच्या वाट्याला आले आहे आणि त्यात पुन्हा चार तासांची नोकरी आहे.

वेळापत्रकाची होडी झाली ते एका परीने बरेच झाले. सात महिन्यांचे मूल घड्याळ पाळत नाही आणि तीन वर्षांचे मूल ते मुद्दाम मोडते. वलणी ताणायला दोन खुंट्या लागतात. मधली दोरी थोडी सैल असली तरी कपडे खाली पडत नाहीत. माझ्या अनुभवात दिवसालाही दोन खुंट्या पुरतात. आमच्या घरी त्या म्हणजे सकाळची आंघोळ आणि दिवेलागण. तेल लावून न्हाऊ घालणे रोज त्याच सुमारास, त्याच क्रमाने. आणि संध्याकाळी देवापुढे दिवा, शुभंकरोति, मऊ भात, त्यानंतर टीव्ही आणि मोबाइल बंद. या दोन्हींच्या मधे काय आधी झाले आणि काय राहिले, याचा हिशेब ठेवू नका. कणकेवर ओले फडके टाका. ती तासभर वाट पाहते.

मोबाइलवरून आठवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. हे मी उपदेशासाठी लिहीत नाही. भरवताना मोबाइल हाती देण्याचा मोह मलाही नातवंडांच्या बाबतीत झाला आहे आणि एकदा ती सवय लागली की सोडवायला महिना जातो.

आपली मुलगी अंगणवाडीत जाते का, हे आपण लिहिलेले नाही. जात नसेल तर उद्याच चौकशी करा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तेथे पूर्वप्राथमिक शिक्षण आणि ताजा आहार असतो, आणि आपल्याला सकाळचे दोन-तीन तास एकाच मुलाकडे पाहावे लागेल. ठाण्यातून आलेल्या अनेकांना अंगणवाडी कमीपणाची वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. या कल्पनेचे मूळ कोकण किनाऱ्यावरच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि जी मुले बालवाडीपर्यंत येऊ शकत नव्हती त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात बालवाडी नेली. एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ साली आली. अनुताई वाघ यांनी हे काम पुढे कोसबाडला चालवले. खडू, चिंचोके, शंख-शिंपले आणि पाने यांवर मुले काय काय शिकतात, हे पाहिल्याशिवाय कळणार नाही.


खाडीपलीकडचा (मालवण तालुका), ५ जुलै

मी मच्छीमार आहे आणि सहसा येथे फक्त वाचतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे सध्या मी घरी आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते. मला दरवर्षी ६१ दिवस मिळतात, अर्थात बिनपगारी.

आमचा मुलगा आता दीड वर्षाचा आहे. हंगामात मी पहाटे तीनला बाहेर पडतो आणि मोठ्या बोटीवर असलो तर पाच-सहा दिवस घर दिसत नाही. गेल्या वर्षी बंदी सुरू झाली तेव्हा तो सहा महिन्यांचा होता आणि माझ्याकडे येतच नसे. मी उचलले की माझ्या दाढीकडे पाहून ‘ह्यो कोण इलो?’ असे तोंड करी आणि मग भोकाड पसरी. त्याच महिन्यात पत्नीला ताप आला आणि चार दिवस ती फक्त त्याला पाजण्यापुरती उठत होती. बाकी सर्व माझ्याकडे आले. ‘तुला दिवसभर काम तरी काय असते?’ असे मी तिला कधी विचारले नव्हते, पण मनात तसे होते, हे आता कबूल करतो. पहिल्या दिवशी सकाळी मी फाटलेले जाळे दुरुस्तीला घेतले. साठेक गाठी मारायच्या होत्या. बोटीवर हलत्या फळीवर बसून मी तेवढे काम दोन तासांत करतो. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत अकरा गाठी झाल्या.

म्हणून आपल्या यजमानांविषयी दोन शब्द लिहितो. राग मानू नये. ते साडेसातला निघतात, म्हणजे साडेपाच ते सात हा वेळ त्यांचा आहे. त्या दीड तासात दोन्ही मुले पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावीत. त्यांनी ‘मदत’ केली असे म्हणू नये, कारण मदत म्हटले की मूळ काम आपलेच राहते आणि काय करायचे हे सांगण्याचे आणखी एक काम वाढते. फ्रॉक उलटा घातला तरी आपण पाहू नये. आपण त्या वेळात झोपावे किंवा हिशेबाचे काम करावे. पहाटे वीज टिकते, निदान आमच्याकडे तरी.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. बंदी उठली आणि मी समुद्रावर गेलो की मुलगा आठ-दहा दिवस रात्री उठून दाराकडे पाहत बसतो, असे पत्नी सांगते. गेल्या वर्षी तसे झाले. यंदाही होईल. आपल्या मुलीलाही वडील दिवसभर दिसत नाहीत, तेव्हा संध्याकाळी ते आल्यावर ती जर उगाच हट्ट करत असेल तर त्यात थोडे हेही असेल.


उपकेंद्रातून (रायगड जिल्हा), ६ जुलै

ताई, मी परिचारिका आहे आणि धुरीचा प्रश्न मला प्रत्येक पावसाळ्यात चार घरी तरी सोडवावा लागतो.

टोपली चालेल, धूर चालणार नाही. सासूबाईंच्या पद्धतीचा अर्धा भाग अगदी शहाणपणाचा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जिथे पडतो, तिथे कपडे वाळवायला उष्णता कोठून तरी आणावीच लागते. मात्र निखारे पडवीच्या उघड्या टोकाला असावेत, त्यांवर ओवा, धूप, लसणीची साले असे काहीही टाकू नये आणि बाळ आतल्या खोलीत असावे. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिका अतिशय अरुंद असतात, त्यामुळे औषधी म्हणून केलेला धूरही त्यांना धूरच असतो. याहून महत्त्वाचे म्हणजे दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी रात्रभर कधीही ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो जीव घेतो.

अर्धवट वाळलेला लंगोट बांधल्यास जांघेत लाल चट्टे उठतात. तेव्हा शेवटची ओल गरम इस्त्रीने काढावी. रात्री एक बाजारी डायपर वापरला तर त्यात काही पाप नाही. आईला सलग चार तास झोप मिळणे हेही बाळाच्या आरोग्यातच मोडते. पण गावात कचऱ्याची गाडी येत नसेल तर दिवसाला पाच डायपर कोठे जाणार, याचा आधी विचार करावा. आमच्या गावातला पऱ्या, म्हणजे ओढा, पहिल्या पावसात जे वाहून आणतो ते पाहण्यासारखे नसते.

आपला मुलगा सात महिन्यांचा आहे, म्हणजे दिवसात आणखी एक बदल आता झाला असेल: दिवसातून दोन-तीन वेळा भरवणे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्याबरोबर गुटी, मध किंवा वरचे पाणीही नको. सहा महिन्यांनंतर मात्र नुसते दूध पुरत नाही. मऊ भात आणि डाळ, वर घरचे तूप, नाचणीचे सत्त्व हे सर्व उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याच्या जवळपासही नसते. मीठ आणि साखर वर्षभर दूर ठेवावी आणि मध वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवूसुद्धा नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलांना बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मासे खात असाल तर उकडलेल्या मुडदुशाचा काटे नीट काढलेला गर थोडा थोडा देऊन पाहावा. बाळासाठी वेगळा स्वयंपाक करत बसू नका. तुमच्याच भातातला भात फोडणीआधी, मीठ घालण्याआधी काढून ठेवला की झाले. आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस चुकवू नका.

आता सासूबाई. त्यांना आपण सांगू नका, मला किंवा आपल्या गावच्या नर्सबाईंना सांगू द्या. सुनेने सांगितले की तो वाद होतो, उपकेंद्राने सांगितले की तो नियम होतो. आणि एखादी गोष्ट काढून घ्यायची असेल तर दुसरी त्यांच्या हाती द्यावी. तेलाचे मालीश असू द्या, अंगाई असू द्या, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तर कोणाचेच बिघडत नाही. काजळ डोळ्यांत नको, कानामागे तीट लावा. त्यांना खाली बसता येत नाही असे आपण लिहिले आहे. मग बाळाला उंच खुर्चीत बसवा आणि समोरच्या खुर्चीवर बसून भरवण्याचे काम पूर्णपणे त्यांचे करा. मी पाहिले आहे की बहुतेक आज्यांचा आग्रह गुटीचा किंवा धुरीचा नसतोच. या घरात आपले काय काम उरले आहे, हा त्यामागचा प्रश्न असतो.


सड्यावरचा (देवगड तालुका), ६ जुलै

वरील उत्तरे चांगली आहेत, पण एक गोष्ट राहिली. मूल रांगू लागले की दिवसातले सर्वांत मोठे नवे काम म्हणजे जमिनीकडे पाहत राहणे. शहरात लोक विजेची छिद्रे झाकतात. आपल्याकडे यादी वेगळी आहे. रहाटाजवळची दगडी डोण वीतभर पाण्याने भरलेली असली तरी रांगत्या मुलाला बुडवायला पुरेशी असते, म्हणून ती रिकामी तरी करावी किंवा फळीने झाकावी. विहिरीवर जाळी हवीच. पाळणा किंवा खाट माडाखाली ठेवू नये. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही, असे म्हातारी माणसे सांगतात. झावळीला मात्र डोळे नसतात.

माझी कलमांची बाग आहे. फवारणीचे औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवण्याची आमच्याकडे वाईट सवय होती. मुलगी चालू लागली त्या दिवशी मी ती बंद केली. औषधे मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, कुलपात असतात आणि फवारणीचे कपडे मी घरात आणत नाही. एप्रिलमध्ये ओल्या काजूच्या बियांवर लक्ष ठेवावे, कारण त्यांच्या सालीतल्या चिकाने मुलांचे ओठ भाजल्यासारखे सुजतात.

पावसात चिऱ्यांच्या गडग्यातून विंचू आणि फुरशी कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. दुपटे, टोपरे, चप्पल झटकल्याशिवाय वापरू नये. लाल विंचवाचा डंख लहान मुलांना फार घातक असतो. मूल अचानक घामाने भिजले, हातपाय गार पडले, उलट्या होऊ लागल्या, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी उपयोगी पडते हे दाखवून दिले, तेव्हापासून कोकणातील कितीतरी मुले वाचली आहेत.


मागीलदार (रत्नागिरी), ७ जुलै

मीही घरून काम करते, म्हणून फक्त कामाविषयी लिहिते.

आई घरात आहे पण आपल्यासाठी नाही, हे तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही. ‘आई काम करते आहे, त्रास देऊ नको’ हे वाक्य मी वर्षभर बोलले आणि ते निरुपयोगी आहे. त्यानंतर मी असे केले: साडी किंवा ड्रेस बदलून, पिशवी खांद्याला लावून पुढच्या दाराने बाहेर पडायचे, मुलाला ‘येते हं’ म्हणून हात करायचा आणि घराला वळसा घालून मागीलदाराने कोठीच्या खोलीत येऊन बसायचे. छत्री लागते, एवढाच खर्च. मुलगा पहिल्या दिवशी रडला, दुसऱ्या दिवशी कमी रडला आणि आठवड्यानंतर मी परत आल्यावर ‘काय आणलंस?’ असे विचारू लागला. फसवणूक आहे का? थोडी आहे. ती मला चालते.

कामाचेही दोन ढीग करावेत. पावत्या नोंदवणे दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत होऊ शकते. बँकेचा ताळमेळ सलग बसल्याशिवाय जमत नाही. सलग काम मुलगी अंगणवाडीत आणि बाळ झोपलेले असतानाच हाती घ्यावे आणि बाकीचे चुरा म्हणून दिवसभर पसरू द्यावे. रात्री अकरानंतर हिशेब करू नका. मी केले आहेत आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ चुका शोधण्यात गेला आहे. कायद्याने २०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. आपल्यासारख्या कामाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या बायकांना ती लागू होत नाही. म्हणून आपली सवलत आपणच मागावी लागते. कामाची मुदत दिवसावरून आठवड्यावर नेता येईल का, असे आपल्या लेखापालांना एकदा स्पष्ट विचारा. मी माझ्या कामाच्या ठिकाणी विचारले तेव्हा लगेच होकार मिळाला आणि मी दोन वर्षे उगाच घाबरले होते.


आगरातली (गुहागर तालुका), ११ ऑगस्ट

महिनाभराने लिहिते आहे, कारण आधी लिहायला सवडच झाली नाही. यावरूनच काय ते समजावे.

बाईंच्या दोन खुंट्यांपैकी एकच टिकली. सकाळी ओली लाकडे पेटत नाहीत, पाणी तापेपर्यंत साडेदहा होतात आणि तोवर धाकटा झोपलेला असतो, त्यामुळे आंघोळीची वेळ रोज सरकते. दिवेलागण मात्र पक्की झाली आहे. वीज नसली तर अधिकच, कारण तेव्हा समई हाच घरातला मोठा दिवा असतो आणि मुलगी तिच्याभोवतीच बसते. ती १५ जुलैपासून अंगणवाडीत जाते. पहिले चार दिवस मी बाहेर पायरीवर बसून होते.

यजमानांनी साडेपाच ते सात ही वेळ घेतली. त्यांनी कुरकुर केली नाही, पण सासूबाईंना ते आवडले नाही. ‘दिवसभर राबणाऱ्या माणसाला पहाटे तरी निजू दे’ असे त्या दोनदा म्हणाल्या. मी उत्तर दिले नाही. यजमानांनीही दिले नाही, ते फक्त बाळाला घेऊन पडवीत गेले. हा विषय मिटलेला आहे असे मी म्हणणार नाही. फ्रॉक खरोखरच उलटा घातला जातो.

मागीलदाराची युक्ती पाच दिवस चालली. सहाव्या दिवशी माझ्या ओल्या पावलांचे ठसे मुलीला कोठीपर्यंत दिसले आणि तिने माग काढला. गंमत अशी की तिला राग आला नाही. आता तीच मला पुढच्या दाराने घालवून देते, मागच्या दाराने आत घेते, कोठीचे दार ओढून घेते आणि शेजारच्या काकू आल्या की, मी आतून फोनवर बोलत असल्याचे त्यांना स्पष्ट ऐकू येत असतानाही, ‘आई ऑफिसला गेली आहे’ असे त्यांना ठणकावून सांगते. लेखापालांनी मुदत आठवड्याची करून दिली.

आमच्या नर्सबाई लसीकरणाच्या दिवशी घरी येऊन गेल्या आणि धुरीवर बोलल्या. सासूबाईंनी ऐकून घेतले, नंतर एवढेच विचारले, ‘म्हणजे टोपली चालेल ना?’ आता शेगडी पडवीच्या टोकाला असते आणि त्या खुर्चीवर बसून काठीने एक-एक लंगोट उलटत असतात. दुसऱ्या कोणी काठीला हात लावलेला त्यांना खपत नाही. माझी इस्त्री पडून आहे. भरवण्याचे काम अजून माझ्याकडेच आहे, कारण त्यांच्या मते मुलाला उंच खुर्चीत बसवून भरवणे म्हणजे त्याला हॉटेलात जेवायला घालणे आहे.

आता नवा प्रश्न. गणपतीला मुंबईहून अकरा माणसे येणार आहेत आणि पाच दिवस राहणार आहेत. दिवेलागणीची खुंटी त्या गर्दीत कशी टिकवावी?


बालवाडीच्या बाई (दापोली तालुका), ११ ऑगस्ट

त्या पाच दिवसांत संध्याकाळची आरती हीच दिवेलागण समजावी. मुलांचा मऊ भात आरतीच्या आधी आटोपून घ्यावा, कारण आमच्याकडे एकदा आरत्या सुरू झाल्या की ‘आणखी एक’ म्हणत तास जातो. अकरा पाहुण्यांपैकी दोघींना पहिल्या दिवशीच, त्या चहा पीत असतानाच, आंघोळीचे पाणी तापवणे आणि बाळाला न्हाऊ घालणे सोपवून टाकावे. दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्या होतात आणि मग सांगणे अवघड जाते. लंगोटाच्या काठीबद्दल मात्र कोणाला काही सुचवू नये.